कुठं म्हणून विचारायचं नाही

आमच्या माणसांत बाहेर निघालेल्याला "कुठं निघालात" असं विचारत नाहीत. विचारलं की काम होत नाही म्हणतात. अगदीच राहवलं नाही तर "लांब का?" म्हणायचं, म्हणजे त्याला वाटलं तर तो सांगेल. आणि जाणाऱ्यानंही "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. मी बेळगावकडची, माहेरी निम्मं कन्नड बोलणारी, पण हे दोन्ही नियम मला कधी कुणी शिकवले ते आठवत नाही, इतके ते जुने. आता मात्र मी विचारते. नातवंडं चपला घालायला लागली की विचारते, लिफ्टचं दार लागेपर्यंत विचारते. सून म्हणते, "आई, तुम्हीच अपशकुन करता बघा." करते तर करते. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पुढचं सगळं वाचून वाचून आलेलं, तेव्हा सांगता सांगता मी मध्येच दुसरीकडे वळले तर सांभाळून घ्या.

लग्न होऊन मी बंगलोरला आले तेव्हा पन्नास साल नुकतंच मागं पडलं होतं. आमचे हे एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. कारखान्याचे क्वार्टर्स गावाबाहेर, सगळे एकाच साच्यातून काढलेले, तेच हिरवं दार, उंबरठ्यापुढं त्याच दोन पायऱ्या. घरात आम्ही चौघं. मी, हे, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे आणि सासऱ्यांना मामंजी.

मामंजी साताऱ्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. पेन्शनीत निघाले आणि मुलाकडे आले. स्वभाव गरीब, बोलणं हळू, पण चालण्याची भारी हौस. दुपारचा चहा झाला की खांद्यावर पंचा टाकून निघायचे आणि दिवेलागणीला परत. कन्नड एक अक्षर येत नव्हतं. एकदा फिरून आले ते सरळ पलीकडच्या ओळीतल्या एका घरात शिरले आणि झोपाळ्यावर बसून म्हणाले, "सूनबाई, चहा टाक." त्या घरातल्या अक्का कन्नड. त्यांना काय बोलतात ते कळलं नाही, पण म्हातारं माणूस दमलंय एवढं कळलं. त्यांनी कॉफी करून दिली. ती पिऊन घरी आले आणि मला म्हणाले, "आज कॉफी केलीस का गं? छान झाली होती." त्या अक्कांनी संध्याकाळी येऊन सांगितलं तेव्हा हसून हसून आमची पुरेवाट झाली. मामंजीही हसले. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दारावर एक स्वस्तिक काढून ठेव. म्हणजे कळेल त्यांना."

काढलं. उपयोगही झाला.

कार्तिकात आमच्याकडे आवळीभोजन असतं. एकादशी झाली की पौर्णिमेच्या आत एखाद्या दिवशी आवळीच्या झाडाखाली चूल मांडायची, झाडाची पूजा करायची, आणि तिथंच जेवायचं. मामंजींच्या शाळेमागं आवळीचं झाड होतं, दर वर्षी पोरांना घेऊन बसायचे. इथं आल्यापासून ते एकच म्हणायचे, "लालबागेत जगातली सगळी झाडं आहेत, पण खाली चूल मांडू म्हटलं तर माळी काठी घेऊन येतो." शेजारी एक पुण्याच्या वहिनी होत्या, हातात काही घेतलं की तडीला नेणाऱ्या. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "अहो मामा, मग जंगलातच जाऊ की! बन्नेरघट्ट्याच्या पलीकडं आवळ्यांचं रानच्या रान आहे म्हणतात."

त्या वर्षी मामंजी जेवढे खुशीत होते तेवढे मी आधी कधी पाहिले नव्हते. चातुर्मासात वांगं नाही, कांदा नाही. त्यामुळं आवळीखाली पहिलं भरीत, हे त्यांचं आठ दिवस चाललं होतं. वांगी स्वतः निवडून आणली. आत्याबाई म्हणाल्या, "लग्नात एवढे नाचला नव्हतात." ते म्हणाले, "लग्नात भरीत नव्हतं."

कारखान्यातल्या कुणीतरी परवानगी काढली, एक बस ठरवली, आणि मराठी घरांतली बायकापोरं, भांडीकुंडी, पाण्याचं पिंप असं सगळं कोंबून आम्ही सकाळी निघालो. आज मी जे. पी. नगरात पाचव्या मजल्यावर राहते. तिथूनच कुठंतरी तेव्हा नाचणीची शेतं सुरू व्हायची आणि मग संपायचीच नाहीत. रस्ता म्हणजे तांबडा फुफाटा. शेवटच्या गावात जंगल खात्याचा एक रखवालदार बसमध्ये चढला. त्याला मराठी येत नव्हतं, आमच्यातल्या बहुतेकांना कन्नड येत नव्हतं, म्हणून तो सांगेल ते मी मोठ्यानं मराठीत सांगायचं असं ठरलं. नवी नवरी मी, लाजून मरायची वेळ, पण सांगितलं. हत्ती फिरताहेत. एकट्यानं कुणी लांब जायचं नाही. उष्टं-खरकटं टाकायचं नाही, अन्न मागं ठेवायचं नाही, वासानं अस्वल येतं. उन्हं कलायच्या आत बाहेर पडायचं.

"आणि म्हणावं लाल लुगडी?" पुण्याच्या वहिनींनी विचारलं. "लाल बघून हत्ती अंगावर येतो म्हणे."

मी विचारलं. रखवालदार म्हणाला, त्याला काही ठाऊक नाही.

"बघा! सरकारी माणूस आणि ठाऊक नाही," वहिनी म्हणाल्या, आणि सगळी बस हसली. हत्तीवरून मग काय काय चेष्टा झाल्या. पोरं सोंड करून एकमेकांना ओढत होती. आम्हाला सगळ्यांना हत्तीची भीती वाटत होती, आणि ती वाटायला मजा येत होती. हत्ती काही त्या दिवशी आला नाही. हे मी आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणी वाट बघत बसायला नको.

झाडं खरंच होती. बारीक पानांची, फांदी हलवली की टपटप आवळे पडायचे. त्यातलं मोठं झाड बघून चुली मांडल्या, मामंजींनी पूजा सांगितली, आम्ही बायकांनी हळदकुंकू वाहिलं. मग स्वयंपाक. पुरुषमाणसांनी पत्ते काढले. पोरं आवळे वेचायला पांगली, म्हणून रखवालदार त्यांच्यामागं गेला.

मामंजींना दुपारची संध्या करायची होती. पिंपातलं पाणी त्यांना संध्येला चालेना. येताना त्यांनी बसमधून एका खडकात साठलेलं पाणी बघून ठेवलं होतं, जवळच, ओढा ओलांडून. त्यांनी आपला पितळी तांब्या घेतला, खांद्यावर पंचा टाकला. आत्याबाई चुलीपाशी वांगी भाजत होत्या, मी शेजारी भाकरी थापत होते. ते आत्याबाईंना म्हणाले, "येतो हं. भरितात दाण्याचं कूट घाल, विसरशील."

आत्याबाईंनी मान वर केली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं होतं. तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "हं."

एवढंच झालं. पुढच्या बारा वर्षांत आत्याबाईंनी मला ते किती वेळा सांगितलं असेल. "तोंडाशी आलं होतं गं. कुठं निघालात, असं अगदी जिभेवर होतं. पण बाहेर निघालेल्या माणसाला..." पुढचं त्या बोलायच्या नाहीत.

पानं मांडली. मोठ्यांचं पान आधी, म्हणून पहिलं मामंजींचं. भरीत, भाकरी, तळलेली मिरची, दहीभात, नवीन आवळ्याचं लोणचं. ते आल्याशिवाय कुणी बसेना. पोरं भुकेनं कुरकुरायला लागली तेव्हा त्यांची पंगत उरकली. मग हे म्हणाले, "मी बघून येतो." गेले, खडकातलं ते पाणी काही त्यांना सापडलं नाही, परत आले. मग चार पुरुष गेले. मग सगळेच उठले.

जंगलात हाका मारायला लागलं की कळतं, आपण आपल्या माणसांना नावानं किती कमी हाक मारतो. हे "बाबा, बाबा" करत होते. पोरं "आजोबा", बसचा ड्रायव्हर "अज्जा", पुण्याच्या वहिनी "मामा". आणि आत्याबाई "अहो! अहो!" म्हणून ओरडत होत्या. त्यांनी "अहो" म्हटलं की चहूकडून आमच्याच पुरुषांच्या ओ यायच्या. दर वेळी त्यांचा चेहरा उजळायचा आणि पडायचा. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मावशी, नावानं हाक मारा. नाव ऐकलं की माणूस वळतो."

"नवऱ्याचं नाव? असं रानात ओरडून?" आत्याबाई म्हणाल्या. "आयुष्य कमी होतं त्यांचं."

तेवढ्यात रखवालदारानं मला विचारलं, "अम्मा, अज्जांचं नाव काय?" मी तरी सासऱ्यांचं नाव कसं घेऊ? मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी सांगितलं. त्या माणसानं तोंडाशी दोन्ही हात धरून कन्नड हेल काढून ते नाव रानात फेकलं. परत फेकलं. आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले.

उन्हं कलली. रखवालदार म्हणाला, आता निघावंच लागेल, पाण्यावर हत्ती उतरतील, बसमध्ये लेकरं आहेत. त्याचं काही चूक नव्हतं. आत्याबाई बसमध्ये चढेनात. म्हणाल्या, "मी इथंच बसते. ते इथं झाडापाशीच येणार. मला त्यांनी चुलीपाशी बघितलंय, ते तिथंच यायला बघतील." ह्यांनी हात धरला, तो झटकला. मग मी गेले. मला म्हणाल्या, "त्यांचं पान राहू दे. झाकून ठेव. शालही ठेव, थंडी पडेल."

मी रखवालदाराकडे बघितलं. अन्न मागं ठेवायचं नाही, हे सकाळी मीच ओरडून सगळ्या बसला सांगितलेलं. तो मान फिरवून उभा राहिला. मी पान झाकलं, तेव्हा कुठं आत्याबाई बसमध्ये चढल्या.

दुसऱ्या दिवशी हे, मी आणि आत्याबाई कारखान्याची जीप घेऊन परत गेलो. कन्नड बोलायला मी हवी, आणि आत्याबाईंना नको म्हणायची कुणाची टाप नव्हती. शाल होती तशीच होती. पान मात्र स्वच्छ पुसल्यासारखं झालं होतं. भात नाही, भाकरी नाही. कडेला फक्त मिरची राहिली होती.

"जेवून गेले," आत्याबाई म्हणाल्या. "बघ. मिरची ठेवलीय. कधी खातात का मिरची?"

ह्यांनी शालीची घडी घातली. रखवालदार मला हळूच म्हणाला, "अम्मा, कुठलं जनावर मिरची खातं? त्यांना सांगा." मी सांगितलं नाही. काय सांगणार? त्यांनी ती मिरची पदरात बांधून घेतली होती.

मग पोलीस आले, गावातली माणसं आली, जंगलातल्या वाटा माहीत असलेले लोक आले. मामंजींचा तांब्या सापडला तो बऱ्याच दिवसांनी, आणि आम्ही शोधत होतो त्याच्या अगदी दुसऱ्या दिशेला, एका मोठ्या कातळावर. कातळात पाणी होतं. तांब्या पाण्यानं भरून, काठावर नीट उभा ठेवलेला. वर एक पान पडलं होतं. आजूबाजूला ना पंचा, ना चपला, ना कसला माग. भरून ठेवला, आणि मग काय झालं? संध्या केली का? पाठ फिरवली आणि कुठल्या बाजूनं आलो ते विसरले? सगळीच झाडं सारखी आणि कुठंच स्वस्तिक काढलेलं नाही. मी हे कुणाजवळ बोलले नाही, पण मला तेच वाटलं आणि अजूनही तेच वाटतं.

ह्यांचे कितीतरी रविवार त्यात गेले. कुणी सांगे कनकपुऱ्याच्या बाजारात धोतर नेसलेला एक परका म्हातारा दिसला, की हे निघाले. एकदा आनेकलकडून निरोप आला की देवळात एक म्हातारा बसून आहे, कुणाची भाषा त्याला कळत नाही. त्या वेळी आत्याबाईही आल्या. नवीन धोतर, लाडू, औषधं, सगळं घेऊन. बसमध्ये त्यांनी मला विचारलं, "माझं कुंकू नीट आहे का गं?" मी म्हटलं, "आहे."

देवळाच्या ओसरीवर एक म्हातारा बसला होता. दाढी वाढलेली. लांबून अंगलट तीच. आत्याबाई पायऱ्या धावत चढल्या आणि मधेच थांबल्या. म्हातारा त्यांच्याकडे बघून तेलुगूत काहीतरी म्हणाला.

"नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"आई, चल," हे म्हणाले.

"थांब जरा. हाही कुणाचा तरी असेल." त्यांनी धोतर त्याच्या मांडीवर ठेवलं, लाडवांचा डबा ठेवला. मला म्हणाल्या, "विचार त्याला, घरी कोण आहे?" मला तेलुगू येत नव्हतं. मी कन्नडमध्ये विचारलं. तो लाडू खायला लागला. परतीच्या वाटेवर आत्याबाई एकच वाक्य बोलल्या. "आपल्यालाही असंच कुणीतरी धोतर दिलं असेल." आपल्याला म्हणजे मामंजींना.

त्यानंतर मामंजींना शोधायला त्या कधी आल्या नाहीत. बहुतेक घरातच असायच्या. मामंजींचा तांब्या रोज घासून, ताजं पाणी भरून दारात ठेवायच्या. आल्या माणसानं पाय धुवायला. दारावरचं स्वस्तिक पुसट झालं की पुन्हा काढायच्या. मला सांगायच्या, "येतो म्हणालेत. जातो म्हणाले असते तर गोष्ट वेगळी."

आणि मग हळदीकुंकवाचं सुरू झालं.

चैत्र आला, संक्रांत आली की मराठी घरांतून बोलावणी यायची. पहिल्या वर्षी सगळ्यांनी आत्याबाईंना बोलावलं. दुसऱ्या वर्षी काहींनी मलाच बोलावलं. एका घरी आम्ही दोघी गेलो, तर आतून बोलणं ऐकू आलं. यजमानीण म्हणत होती, "लावायचं का त्यांना? मला बाई भीती वाटते. सवाष्ण म्हणावं तर..." दुसरी म्हणाली, "कपाळावर आहे ना कुंकू? मग लाव." "अहो, कुंकू काय, कुंकू तर आहेच. पण माणूस कुठं आहे?" तेवढ्यात त्यांना आम्ही दिसलो.

आत्याबाई हसल्या. म्हणाल्या, "माझी अंगठी राहिली बाई घरी, घेऊन येते." आणि निघाल्या. त्या पुन्हा कुणाच्याही हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. कुणी बोलवायला आलं की म्हणायच्या, "गुडघे दुखतात." लोकांना सुटल्यासारखं व्हायचं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. घरी मात्र सकाळी आंघोळ झाली की आरशासमोर उभ्या राहून त्या कुंकू लावायच्या, आणि लावताना हात इतका सावकाश फिरायचा की बघवायचं नाही.

वर्षं गेली. माझा मुलगा झाला, शाळेत जायला लागला. साठ सालही मागं पडलं. मुलाच्या मुंजीचं ठरलं. मल्लेश्वरमहून भटजी आले, तयारीचं बोलता बोलता त्यांनी ह्यांना विचारलं, "नांदीश्राद्धात गेलेल्या पितरांची नावं घ्यावी लागतात. तुमचे वडील आहेत की गेले?"

हे सुपारी कातरत राहिले. भटजींना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. "आहेत की गेले? असतील तर त्यांचं नाव घ्यायचं नाही, वेगळं करावं लागतं."

आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाहेर गेलेत."

भटजी "बरं" म्हणाले. मग ह्यांनी त्यांना अंगणात नेऊन सगळं सांगितलं.

साताऱ्याहून आत्याबाईंचे धाकटे दीर आले. समजावायला म्हणूनच आले होते. जेवणं झाली, पान लावता लावता म्हणाले, "वहिनी, बारा वर्षं झाली. शास्त्रात सांगितलंय. पळसाच्या पानांचा देह करतात, त्याला अग्नी देतात. दादाचा जीव तिकडं अडकून राहायला नको."

"आणि ते आले तर?"

"आले तर बघू की."

"बघू म्हणजे काय, भावजी? जाळलेल्या माणसाला पाट मांडायचा? ताट वाढायचं?"

दिरांनी हातातलं पान खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं का सांगू. आत्याबाईंनी विचारलं, "आणि हे नाही केलं तर पोराची मुंज होणार नाही?"

"होईल. पण भटजींना अवघड जातंय."

आत्याबाईंनी माझ्या मुलाकडे बघितलं. तो जमिनीवर पालथा पडून पाटीवर काहीतरी गिरगटत होता. म्हणाल्या, "माझ्यापायी लेकराचं नको अडायला. करा." दुसरं कारण नव्हतं. मामंजी गेले असं त्यांना वाटलं म्हणून त्या हो म्हणाल्या असं कुणी समजू नये.

पळस आणायचा तर तो जंगलाकडून येतो. पत्रावळीची पानं विकायला येणाऱ्या बायका त्याच भागातल्या, बन्नेरघट्ट्याच्या पलीकडच्या. मीच त्यांच्याकडून पानांचे, देठांचे भारे घेतले. त्यांना वाटलं, घरात कार्य आहे. एक म्हणाली, "किती जण जेवायला, अक्का?" मी काहीतरी सांगितलं.

मागच्या अंगणात भटजींनी दर्भावर ते देठ मांडून आकार केला. हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ. मग त्याला धोतर गुंडाळलं. हे समोर बसले होते, डोकं भादरलेलं, खांद्यावर ओलं वस्त्र. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "एवढे बारीक नव्हते."

भटजींचा मंत्र थांबला. मग परत सुरू झाला.

पुरुष उठले. दिरांनी आणि ह्यांनी ते उचललं. अगदी हलकं, एकानंही नेलं असतं, पण रीत म्हणून चौघांनी हात लावला. मागच्या फाटकाशी पोचले असतील. तोच आत्याबाईंनी उंबऱ्यावरून हाक मारली. मोठ्यानं. त्या रानात मारली होती तशी.

"अहो! कुठं निघालात?"

सगळे जागच्या जागी थांबले. मागं वळून बघायचं नसतं अशा वेळी, पण ह्यांनी बघितलं. पलीकडच्या ओळीतल्या अक्का, मामंजींना कॉफी देणाऱ्या, त्यांच्या दारात उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नसलं तरी त्यांनी तोंडाला पदर लावला. आत्याबाई उत्तराची वाट बघत होत्या. खरंच बघत होत्या, मान जराशी पुढं काढून, ऐकायला कमी येणारं माणूस काढतं तशी.

दीर म्हणाले, "चला. चला रे."

फाटक वाजलं आणि ते गेले.

आत्याबाई आत आल्या. मी जवळ जायच्या आत त्यांनी पदराच्या टोकानं स्वतःच कपाळ पुसलं. खाली कातडीवर पांढुरका गोल राहिला होता, इतक्या वर्षांचा. तो काही पुसला गेला नाही.

मुंज झाली. भटजींनी मामंजींचं नाव घेतलं, या वेळी न अडखळता. आत्याबाई मागच्या खोलीत बसल्या होत्या. भिक्षावळीला त्या पुढं आल्या नाहीत, चालत नाही म्हणून. नातवानं तिथं जाऊन नमस्कार केला, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या जंगलाचं पुढं राष्ट्रीय उद्यान झालं. नात परवा तिथं जाऊन आली. जाळीच्या बसमधून नेतात, खाली उतरू देत नाहीत, जागोजागी पाट्या आहेत म्हणाली. चांगलं आहे. आम्हालाही सगळं सांगितलं होतं. सांगणारी मीच होते.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर दारातला तांब्या रिकामा होता, आज त्यांनी तो भरलाच नव्हता. आत्याबाई आत भाजी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तांब्या उचलला, घासला आणि इतर भांड्यांत फळीवर ठेवला. त्यानंतर त्या पाच वर्षं होत्या. त्या पाच वर्षांत मामंजींचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही, आणि भरीत आमच्या घरात कुणी केलं नाही.